राखण उठली आणि मणके दबले

रिपोर्ट चांगला आला म्हणून डिसेंबरचं इंजेक्शन मी घेतलंच नाही. पुढचं सगळं रामायण तिथून.

वय ६७. हाडं ठिसूळ म्हणून दर सहा महिन्यांनी पोटावर डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन चालू होतं. ते गार राहावं म्हणून मुलगा परभणीहून थर्मासात बर्फ घालून आणायचा. तीन वर्षांत डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा आकडा, उणे ३.१ वरून उणे २.४ वर आला. 'आता थांबवलं तरी चालेल,' असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बंद केल्यावर दुसरं काही घ्यायचं असतं, हे मात्र कोणी बोललं नाही. अजूनही राग येतो.

मार्च उजाडला. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा. अर्धी भरलेली कळशी उचलली आणि पाठीत कट्ट झालं. सून धावत आली, "मामी, कामून उचलायल्या तुम्ही?" मला उत्तर द्यायलाही श्वास पुरेना. एमआरआयमध्ये दोन मणके दबलेले निघाले. शेवटच्या इंजेक्शनला नऊ महिने झाले होते.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हे औषध हाडात साठून राहत नाही. हाड खाणाऱ्या पेशींना ते फक्त रोखून धरतं. सातव्या महिन्यानंतर तो लगाम सुटतो आणि त्या एकदम जोमानं कामाला लागतात. मला आमची ज्वारी आठवली. माळ्यावरची राखण उठली की पाखरांचा थवा कणसांवर पडतो, तसंच की हे.

कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासून इंजेक्शन पुन्हा चालू केलं. पाठीला पट्टा बांधून दीड महिना काढला. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, उन्हाळ्यात पट्टा म्हणजे शिक्षाच.

पुढच्या वेळी बंद करताना मात्र तारीख धरून. शेवटच्या इंजेक्शननंतर बरोबर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, सलाईनमधून. हे हाडाला चिकटून राहतं. आधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, हलणारी दाढ काढून जखम भरू दिली. सलाईन वीस मिनिटांत संपलं. रात्री हुडहुडी भरली, दोन दिवस ताप, अंग ठणकलं. पॅरासिटामॉल आणि ज्वारीची कण्हेरी, एवढ्यावर निभावलं. तीन महिन्यांनी सीटीएक्स नावाची रक्ततपासणी झाली. हाडांची झीज काबूत आहे म्हणाले. ती पुन्हा वाढली तर सलाईन वर्षाच्या आतही द्यावं लागेल, हेही सांगून ठेवलंय.

उंची मात्र गेली ती गेली. देवळीतला हळदीकुंकवाचा करंडा आता टाचा उंचावल्याशिवाय हाताला लागत नाही, आणि जुनी साडी नेसताना निऱ्या दोन बोटं जास्त खोचाव्या लागतात. पाणी येतं त्या दिवशी सून कळशीला हात लावू देत नाही. मी तांब्या-तांब्यानं माठ भरते.