तिथी पाहून आखलेला किंबर्लीचा कॅरॅव्हान-प्रवास

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही. तरीही ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किंबर्ली किनाऱ्याची सहल ठरवताना मी नेमकी तीच विसरलो. तिथले हॉरिझॉन्टल फॉल्स, म्हणजे भरती-ओहोटीमुळे पाणी आडवे कोसळते ती जागा, आम्हांला विमानातून पाहायची होती. रजा आणि तिकिटांचे दर जुळवून मी जुलैतील एक आठवडा पक्का करत आणला होता. बाबांनी कालनिर्णयावर बोट ठेवून विचारले, "अष्टमीला विमानातून पाणी बघायला जाणार? तेव्हा भांग असतो रे, भरती-ओहोटी मंद. पाणी धावणारच नाही." आम्ही सगळा बेत गुरुपौर्णिमेभोवती नव्याने आखला आणि तेच या प्रवासातले सर्वांत शहाणपणाचे काम ठरले.

तिकडे मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो, त्यानंतर पाऊस आणि चक्रीवादळे येतात. मुंबईहून सिंगापूरमार्गे पर्थ आणि तेथून विमानानेच किंबर्लीतले ब्रूम शहर गाठावे, कारण पर्थ-ब्रूम रस्ता सुमारे २,२०० किलोमीटरचा आहे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्यावा. मसाले, पापड, लोणची नेणार असाल तर विमानतळावरील अर्जात त्यांची नोंद न लाजता करावी.

ब्रूममध्ये आम्ही कॅरॅव्हान ताब्यात घेतली. भाड्याचा करार वाचताना कच्च्या रस्त्यांविषयीचे कलम दोनदा वाचा; आमच्या करारात डांबर सोडताच विमा लागू होणार नव्हता, आणि ही गोष्ट ताबा देताना आम्हांला कोणी आपणहून सांगितली नाही. पौर्णिमेच्या रात्री रोबक उपसागराच्या काठी बसलो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावरील पाण्याच्या पट्ट्यांत उगवत्या चंद्राचा उजेड पायऱ्यांसारखा दिसतो. हे दृश्य पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-तीन रात्रीच दिसते आणि त्या दिवसांत कॅरॅव्हान पार्क आधीच भरलेले असतात.

द्वितीयेला डर्बी गाठले. अंतर सुमारे २२० किलोमीटर आहे. वाटेत मागे डबे जोडलेले, ५० मीटरहून लांब मालट्रक भेटतात, ज्यांना तिकडे रोड ट्रेन म्हणतात. तशी गाडी शेजारून गेली की कॅरॅव्हान हेलकावते, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरावे आणि ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये. सूर्यास्तानंतर गाडी चालवूच नये, कारण गुरे आणि कांगारू रस्त्यावर येतात. डर्बीच्या धक्क्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक ११ मीटरहून अधिक होतो. आपल्याकडे पाच मीटरच्या जवळ जाणाऱ्या भरतीची बातमी होते, म्हणून बाबा त्या धक्क्याच्या उघड्या पडलेल्या खांबांकडे बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले.

तृतीयेला विमान होते. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण सर्वांत जोरात असते, म्हणून हा दिवस धरला होता. आरक्षण करतानाच प्रत्येकाचे वजन विचारतात आणि त्यानुसार जागा देतात. खिडकीसाठी हट्ट चालत नाही. न्याहारी हलकी घ्यावी. खाली बकॅनियर द्वीपसमूहाची शेकडो बेटे लागतात; १६८८ साली, म्हणजे इकडे संभाजीमहाराजांची कारकीर्द चालू असताना, विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी या किनाऱ्यावर आला होता. टॅल्बट उपसागरात डोंगराच्या दोन समांतर रांगांत एकेक अरुंद फट आहे, त्यांतली रुंद फटही जेमतेम २० मीटरची. बाहेरचा समुद्र ज्या वेगाने चढतो किंवा उतरतो, त्या वेगाने पाणी या फटींतून जाऊ शकत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो आणि पाणी आडवे कोसळू लागते; हेच ते हॉरिझॉन्टल फॉल्स. वैमानिकाने दोन्ही बाजूंच्या प्रवाशांसाठी घिरट्या घातल्या. "कशेळीच्या पुलाखालची ओहोटी," बाबा म्हणाले, "पण शंभर पट." या फटींतून बोटी नेण्याचे तेथील मूळ रहिवाशांच्या, म्हणजे दंबिमंगारी लोकांच्या, इच्छेनुसार २०२८ मध्ये बंद होणार आहे, आकाशातून पाहण्यात आम्हांला तरी काही उणे वाटले नाही.

डॅम्पियर द्वीपकल्प आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले होते. केप लेव्हेककडे जाणारा मुख्य रस्ता २०२० पासून डांबरी आहे, पण किनाऱ्याकडे फुटणारे फाटे वाळूचे आहेत, आणि करारामुळे त्यांतले बहुतेक आम्ही सोडले. बीगल बे येथील १९१८ मधले चर्च अवश्य पाहावे. त्याची वेदी मोत्याच्या शिंपल्यांनी मढवलेली आहे. ही मूळ रहिवाशांची वस्ती आहे, म्हणून प्रवेशशुल्क भरून, विचारून मगच छायाचित्रे घ्यावीत. इतर ठिकाणी राहण्याची जागा आधी ठरवल्याखेरीज जाऊ नये. खाडीच्या मुखाशी पाण्यात पाय घालण्याचा मोह टाळावा, कारण तिथे खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. कोळीवाड्यातल्या माणसाला हे सर्वांत जड गेले. मोबाइलचे जाळे तुटक असल्याने नकाशे आधीच उतरवून ठेवावेत, आणि पिण्याचे पाणी व इंधन मिळेल तिथे पूर्ण भरावे.

पांढरे कपडे नेऊ नयेत. तिथली पिंडन नावाची लाल माती जांभ्याच्या धुळीहून चिवट आहे. ती गाडीच्या प्रत्येक सांध्यात शिरते आणि गाडी परत करताना सफाईचा वेगळा आकार लागू शकतो. आम्ही आदल्या संध्याकाळी दोन तास खर्चून गाडी धुतली आणि तो वाचवला. बाबांचा सदरा मात्र वाचला नाही.