पॅसिफिक मोहीम, सप्टेंबर १९४२: सगळं अडलंय पर्ल हार्बरच्या यार्डात

'वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन' या संगणकावरच्या युद्धखेळातली माझी दोस्त राष्ट्रांची मोहीम सप्टेंबर १९४२ पर्यंत आली आहे. लढायांचं या वेळी फार लिहीत नाही. सॉलोमनच्या उत्तरेला दोन रात्री धुमश्चक्री झाली, दोघांचंही रक्त सांडलं आणि मी मागे फिरलो. त्यानंतर माझ्या मागच्या तळावर, नूमेआत, जखमी जहाजांची जी रांग लागली, तिच्याबद्दल सांगायचंय. सॉलोमनमधल्या लुंगावर सैन्य उतरवायचा मुहूर्त आता नकाशावर नाही, यार्डाच्या (जहाजदुरुस्तीच्या गोदीच्या) यादीवर ठरणार आहे.

नव्याने खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: नुकसान चार खात्यांत दिसतं. सिस्टिम (जहाजावरची यंत्रणा), फ्लोटेशन (आत शिरलेलं पाणी), इंजिन आणि आग. फ्लोटेशन आणि इंजिनच्या आकड्याशेजारी कंसात जो आकडा असतो तो 'मेजर', म्हणजे मोठं नुकसान, आणि पहिली नजर त्याच्यावरच टाकायची. किरकोळ काम धक्क्याला लागून होतं, दुरुस्तीचं जहाज सोबत असलं तर लवकर होतं. मेजर मात्र खऱ्या अर्थाने उतरतं ते यार्डात. म्हणून जहाज बंदरात आलं रे आलं की यार्डात ढकलायचं, ही सवय मोडायला हवी. सिस्टिम ८ असलेली डिस्ट्रॉयर यार्डाची जागा अडवते आणि तिच्यामागे कॅरिअर (विमानवाहू जहाज) ताटकळत राहते.

पोर्टलंड या क्रूझरचंच बघा. टॉर्पेडो लागल्यावर फ्लोटेशन ४६, त्यातलं मेजर ३१. पर्ल हार्बर लांब, आणि पाणी भरलेलं जहाज तसंच हाकललं तर वाटेत आकडा वाढत जातो. तिला एस्कॉर्ट टास्क फोर्समध्ये घातलं, दोन डिस्ट्रॉयर दिल्या, वेग कमीत कमी ठेवला आणि आधी नूमेआला आणलं. तिथे व्हेस्टल हे दुरुस्तीचं जहाज उभंच होतं. 'पिअरसाइड'वर (धक्क्याला लागून दुरुस्ती) ठेवून मेजर सोडून बाकीचं पाणी उपसू दिलं. आकडा ३३ वर आल्यावरच पुढे सोडली. रोज टर्न उघडला की पहिला क्लिक तिच्यावर. काल ती पर्लला पोचली, आणि यार्डाच्या अंदाजात दिवसांचा आकडा दिसला तेव्हा जिवात जीव आला.

ही टप्प्याटप्प्याची पद्धत खेळापुरती नाही. ३० नोव्हेंबर १९४२ ला तासाफारोंगाच्या लढाईत न्यू ऑर्लिन्स या क्रूझरचा दुसऱ्या टरेटच्या (तोफांच्या बुरुजाच्या) पुढचा सगळा भाग टॉर्पेडोने तुटून गेला, जवळजवळ दीडशे फूट. जवळच्या तुलागी बंदरात खलाशांनी नारळाची खोडं रचून तिचं उघडं तोंड बंद केलं. त्या आधारावर ती सिडनीला गेली, कॉकाटू बेटावर तात्पुरती नाळ (जहाजाचं पुढचं टोक) बसवली, आणि १९४३ च्या मार्चमध्ये ती अमेरिकेतल्या प्युजेट साउंडच्या यार्डाकडे निघाली. खरी दुरुस्ती झाली ती तिथे. पोर्टलंड हलवताना हे सतत डोक्यात होतं.

आता एंटरप्राइझ ही कॅरिअर. पर्लमध्ये तिच्या दुरुस्तीला 'क्रिटिकल' हा सगळ्यात वरचा अग्रक्रम लावलाय, त्यामुळे तिचे दिवस झपाट्याने घटले आणि बाकीच्यांचे वाढले. म्हणून पेन्साकोला आणि दोन हलक्या क्रूझर थेट सॅन फ्रान्सिस्कोला पाठवल्या. प्रवासाचे दिवस जातात खरे, पण पश्चिम किनाऱ्यावर जागा मुबलक आहे आणि पर्लची रांग मोकळी होते. फ्लोटेशन शून्यावर आलं की एंटरप्राइझ बाहेर काढणार, सिस्टिम दहा-बारा उरलं तरी चालेल. खऱ्या युद्धातल्या यॉर्कटाउन या कॅरिअरचं उदाहरण समोर आहेच: कोरल सीत ८ मेला बॉम्ब खाल्ला, २७ मेला पर्लला आली, ३० मेला मिडवेकडे निघाली. तीन महिन्यांचं काम होतं म्हणतात. बॉयलर पूर्ण दुरुस्त झालेच नाहीत, पण जहाज लढाईला हजर होतं. कोरल सीतच जखमी झालेली जपानी कॅरिअर शोकाकू जपानात दुरुस्तीला गेली आणि मिडवेला दिसलीच नाही.

रिफिटचा, म्हणजे जहाजावर नवी शस्त्रं-यंत्रं बसवण्याचा, प्रश्न यातूनच निघतो. बऱ्याच जहाजांची अपग्रेडची तारीख उलटून गेलीय, आणि २० मिलिमीटरच्या तोफा मला हव्याच आहेत. जपानी बॉम्बर विमानांसमोर त्या नसणं परवडत नाही. पण सगळ्यांचं 'अपग्रेड' एकदम चालू ठेवलं तर अख्खी एस्कॉर्ट फळी एकाच आठवड्यात बंदरात अडकते. म्हणून सगळ्यांचं आधी बंद केलंय आणि चार-चारच्या गटाने चालू करतोय. ज्या डिस्ट्रॉयर आधीच दुरुस्तीसाठी उभ्या आहेत त्या पहिल्या. दोन्ही कामांसाठी एकदाच थांबायचं.

हिंदी महासागरात तूर्त शांतता आहे. तिथली एक ब्रिटिश क्रूझर मुंबईला लावलीय. १९१४ पासूनची हजार फुटी ह्यूजेस ड्राय डॉक (सुकी गोदी) ज्या बंदरात आहे, ते नाव त्या नकाशावर दिसलं की छान वाटतं.

एंटरप्राइझ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाहेर यावी असा अंदाज आहे. तोवर नूमेआतले मालवाहू कॉन्व्हॉय भरून ठेवतोय, सॅराटोगा या दुसऱ्या कॅरिअरला एकटीला उत्तरेला नेणार नाही, आणि पुढच्या टर्नला व्हेस्टल नूमेआच्या उत्तरेच्या एफाटे बेटाला हलवतोय, म्हणजे पुढची जखमी जहाजं निदान एक मजल अलीकडेच थांबतील.