काच पुसावी सावलीत

मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास सोलापुरातून पुण्याकडे निघालेल्या गाडीची काच कशी पुसलीय, ते मोहोळ यायच्या आत कळतं. रस्ता वायव्येकडे जातो आणि सूर्यही जवळपास त्याच दिशेला कललेला असतो. घरापाशी सावलीत आरपार दिसणारी काच त्या उन्हात एकदम दुधाळ होते. फडक्याची प्रत्येक फेरी, बोटाचा प्रत्येक ठसा, वायपरची प्रत्येक कमान उमटून दिसते. पुढे चाललेल्या कडब्याच्या ट्रॉलीचं मागचं टोक तेवढं दिसत नाही. मग घाईघाईने पाण्याची पिचकारी मारून वायपर फिरवला, की होतं नव्हतं तेही दिसेनासं होतं.

या रेघा सहसा धुळीच्या नसतात. धूळ पहिल्या पाण्यातच निघून जाते. मागे उरतं ते पुसताना आपणच लावलेलं: पाण्यातले क्षार, शाम्पूचा अंश, कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा फडक्यातला थर, आणि निघायच्या ऐवजी काचभर पसरलेला तेलकटपणा. म्हणून रेघ दिसली की अजून पाणी, अजून शाम्पू आणि अजून जोर लावणाऱ्याची काच शेवटी पहिल्यापेक्षा वाईट दिसते. काच साफ करताना काय लावायचं याच्यापेक्षा काय लावायचं नाही, हे बघणं जास्त कामाचं.

पहिला आरोपी पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे नळाचं पाणी प्यायला-स्वयंपाकाला आणि गाडीला बोरचं, अशी बहुतेक घरांतली वाटणी. बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मुबलक. कूलरच्या गवतावर उन्हाळाभरात पांढरी खरपुडी बसते ना, तीच खरपुडी काचेवर थेंबाथेंबाने बसत असते. पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएसचं मीटर हजार दाखवत असेल, तर लिटरमागे एक ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. धुतल्यावर अर्धा लिटर पाणी गाडीच्या अंगावरच वाळलं, तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड गाडीवर राहिली. त्यात पाणी वाचवायचं म्हणून आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बादलीत धरून त्यानेच गाडी धुतात. काटकसर चांगली आहे, पण मूळ पाण्यातले बरेचसे क्षार त्या टाकाऊ पाण्यात गोळा झालेले असतात. ते टायरला, मडगार्डच्या आतल्या चिखलाला वापरावं. काचेला लागू देऊ नये.

चाकांपासून टपापर्यंत बोरचं पाणी वापरायला हरकत नाही. काचेवरून फिरणारं शेवटचं पाणी मात्र बिनक्षाराचं हवं, आणि ते लागतं किती? सगळ्या काचा आतून-बाहेरून पुसायला शंभर ते दीडशे मिलिलिटर. तेवढ्यासाठी बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला तर महिनोन्‌महिने पुरतो. मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’च मागायचं, तिथे बॅटरीचं ॲसिडही मिळतं, आणि नुसतं ‘बॅटरीत टाकायचं द्या की’ म्हटलं तर घोटाळा होऊ शकतो. फुकटचा पर्याय म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत धरून तलम कापडातून गाळलं की झालं. गंमत अशी की गरज सगळ्यात जास्त असते त्या एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी, की एसी पाणी देतानाही हात आखडतो. जूननंतर बादल्या भरतात.

दुसरा आरोपी ऊन. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी उघड्यावर उभ्या गाडीच्या काचेवर हात टेकवत नाही. तिच्यावर फवारा मारला की दुसरं फडकं पोचायच्या आत पाणी उडून जातं आणि त्यात जे काही विरघळलेलं होतं ते जागेवर चिकटतं. अशा काचेवर मग कितीही भारी क्लीनर वापरा, ओघळ पडणारच. वर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतण्यातही धोका आहे. समोरच्या काचेचा खडी लागून टवका उडालेला असेल, तर तिथून तडा पळू शकतो. तेव्हा काम सकाळी आठच्या आत, गाडी सावलीत लावून, काच हाताला गार लागत असताना. कडुलिंबाच्या झाडाखालची सावली घेऊ नये, वरून काही ना काही गळत असतं.

आता फडकं. इथे सोलापूरकराचा अभिमान थोडा दुखावणार आहे. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी टॉवेलांच्या थप्प्या आहेत, पण काचेवरच्या शेवटच्या हाताला टेरी टॉवेल चालत नाही. त्याचे सुती वेढे पाणी प्यायला उत्तम, अंग पुसायला त्याला तोड नाही. पण काचेवर तो तंतू सोडतो, आणि नवा कोरा असेल तर कापडावरचं फिनिशही. बऱ्याच धुण्यांनंतर वेढे झिजलेला जुना टॉवेल पहिलं पाणी टिपायला घ्यावा. शेवटच्या हाताला जुनं, विरत आलेलं पांढरं धोतर चालतं. सगळ्यात बरं, आखूड लव असलेलं किंवा बारीक चौकड्यांच्या विणीचं मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचं फडकं. पॉलिशसाठी मिळणारं लांब केसांचं, गुबगुबीत मायक्रोफायबर काचेला नको; ते ओल धरून ठेवतं आणि तीच ओल परत लावत जातं.

वर्तमानपत्राची थोरवी अजून गायली जाते. कागद तंतू सोडत नाही, एवढं खरं. पण त्याची शाई दारांच्या रबरी बीडिंगला आणि आतल्या फिक्या कापडाला लागते, आणि गुळगुळीत रंगीत पुरवणीचा कागद तर पाणी टिपतच नाही. फडकं असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

द्रावण घरी बनतं. अर्ध्या लिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत चारशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर आणि शंभर मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस्स. अल्कोहोल तेलकटपणा सोडवतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. ज्वालाग्राही आहे, म्हणून दारं उघडी ठेवून वापरावं, जवळ विडी-काडी नको, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत बाटली ठेवून देऊ नये. कोरोनातला उरलेला सॅनिटायझर यासाठी काढाल तर पस्तावाल: हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि तेच काचेवर चिकट पडदा धरतं. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकण्याचा मोहही आवरावा. विकतचं क्लीनर घेणाऱ्यांनी काचेवर ऊन अडवायची फिल्म चिकटवलेली असेल तर अमोनिया नसलेलं निवडावं. अमोनियाने फिल्म खराब होते.

पुसण्याआधी काच धुतलेली हवी, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. काळ्या मातीचा धुराळा आणि रस्त्याची बारीक कच काचेवर तशीच असताना कोरडं फडकं ओढलं की चरे पडतात, आणि चरा कुठल्याच द्रावणाने जात नाही. मिरवणुकीतून आलेल्या गाडीवरच्या गुलालाचंही तेच. आधी झटकावा, मग भरपूर पाण्याने वाहू द्यावा. ओल्या फडक्याने चोळला तर रबराच्या फटीत जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत गुलाबी ओघळ देत राहतो. रात्रीच्या प्रवासातले वाळलेले किडे असतील तर ओलं फडकं त्यांच्यावर पाच मिनिटं नुसतं पसरून ठेवावं. मऊ पडले की अलगद निघतात.

मग दोन फडकी: एक द्रावणाचं, एक पूर्ण कोरडं. फडक्याची घडी दोनदा घातली की वापरायला आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पलटायची. एका वेळी अर्धीच काच घ्यायची, वरून खाली यायचं, आणि ओलं फडकं फिरल्याबरोबर कोरडं फिरवायचं. मध्ये फोन घ्यायचा नाही. दाराची काच आधी चार बोटं खाली करून वरची कड पुसावी, कारण ती कड रबरात लपते आणि पहिल्यांदा काच उघडली की तिथली काळी रेघ सगळ्यांना दिसते. बाहेरून आडवे हात आणि आतून उभे हात मारायचे, ही जुनी आणि फार उपयोगाची खूण आहे. रेघ उरली तर तिच्या दिशेवरून ती कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं, दोन्हीकडून उगाच घासत बसावं लागत नाही.

खरी कसोटी समोरच्या काचेच्या आतल्या बाजूची. बाहेरची काच निदान पावसाने तरी धुतली जाते. आतली वर्षभर तशीच असते. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफा सुटतात आणि थंड होताना काचेवर बसतात. नव्या गाडीत तर हे जास्तच. त्यात रोजची उदबत्ती, कापूर, कुणाची सिगारेट आणि डॅशबोर्ड चमकवणारं सिलिकॉनचं पॉलिश. हे पॉलिश मारणं मला तरी पटत नाही. डॅशबोर्ड चमकतो, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि उडालेले बारीक कण काचेला चिकटतात ते वेगळेच. वॉशिंग सेंटरवर ‘मालक, पॉलिश मारू का?’ असं विचारलं की ‘काचेपासून लांब’ एवढं तरी सांगावं.

हा आतला थर एका हाताला दाद देत नाही. पहिल्या हाताने तो सैल होतो आणि पसरतो. फडकं पिवळट-करडं दिसतं. तिथे थांबलं तर सूर्यासमोर दुधाळपणा ठरलेलाच. दुसरं स्वच्छ फडकं घेऊन तेच परत करायचं, फडकं पांढरं निघेपर्यंत. द्रावण काचेवर न मारता फडक्यावर मारायचं, नाहीतर ते ओघळून एसीच्या जाळीत आणि डॅशबोर्डच्या फटीत उतरतं. खालचा कोपरा हाताला येत नाही, म्हणून ड्रायव्हरऐवजी शेजारच्या सीटवर बसावं. तिथे स्टिअरिंग आडवं येत नाही. तळहात काचेकडे ठेवून मनगट वाकवण्यापेक्षा फडकं बोटांवर गुंडाळून हाताची पाठ डॅशबोर्डला टेकवली, तर बोटं काच आणि डॅशबोर्डच्या सांध्यापर्यंत जातात. झालं का ते बघायचं तर काचेवर ‘हा’ करून श्वास सोडावा. धुकं सारखं धरलं तर काच साफ. त्यात वळसे आणि पट्टे दिसले तर तेल अजून तिथेच आहे.

मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक आडव्या तारा असतात. तिथे मघाचा उभ्या हातांचा नियम मोडायचा आणि तारांच्या दिशेनेच पुसायचं. स्टिकर काढताना ब्लेड लावलं आणि तार तुटली की तेवढी ओळ तापायची बंद होते. चिकटपट्टीच्या डिंकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबावं, बोटाने वळवून काढावं, मग तेलाचा अंश द्रावणाने दोनदा पुसावा.

बसलेल्या पांढऱ्या डागांना हे द्रावण पुरत नाही. त्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, भिजवलेलं फडकं पाच ते दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं. एका फेरीत गेले नाहीत तर दुसरी करावी. तरीही राहिले तर क्षारांनी काचेचा पृष्ठभागच खाल्लेला असतो. मग काच घासून गुळगुळीत करणाऱ्या सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशचं काम, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. भांड्यांची तारेची घासणी घेऊन कुणी पुढे आलं तर हात धरावा.

एवढं करून वायपरचं रबर विसरलं तर पहिल्याच फेरीत कमान परत उमटते. दांडी उचलून रबराच्या धारेवरून ओलं फडकं ओढावं; पहिले दोन-तीन हात काळेच निघतात. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ते तपासून गरज असेल तर बदलून घ्यावं. पिचकारीच्या टाकीतही बोरचं पाणी आणि शाम्पू नको. क्षाराने नोझलची भोकं बुजतात आणि शाम्पूचा फेस ऐन उन्हात काचेवर वाळतो. बुजलेलं भोक शिवायच्या बारीक सुईने मोकळं होतं. मायक्रोफायबरची फडकी टॉवेलांबरोबर धुवायला टाकू नयेत, सगळे सुती तंतू तीच ओढून घेतात. वेगळ्या बादलीत, थोड्या लिक्विड डिटर्जंटने, सॉफ्टनर न घालता धुवावीत आणि सावलीत वाळवावीत.