चार मिनिटं आणि केरीतले रस्ते

डब्लिनला जाणारी मंडळी ट्रिनिटी कॉलेज बघतात, गिनेसच्या कारखान्यात जातात आणि किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसचा बाहेरून फोटो काढून पुढे सरकतात. माझं मत विचाराल तर याच इमारतीसाठी एक दुपार राखून ठेवा. ओळखपत्र जवळ ठेवा. आत विमानतळासारखी तपासणी होते आणि फोटो काढू देत नाहीत. अधिवेशन बहुधा मंगळवार ते गुरुवार असतं. प्रेक्षक सज्जाचा पास मिळवायचा साधा मार्ग म्हणजे एखाद्या टी.डी.च्या, म्हणजे तिथल्या खासदाराच्या कार्यालयाला आधी लिहिणं.

हा वाडा 1740च्या दशकात किल्डेअरच्या अर्लसाठी बांधला गेला. पुढे तो रॉयल डब्लिन सोसायटीकडे गेला, आणि 1922 मध्ये तिच्या व्याख्यानगृहात डॉल, म्हणजे आयरिश संसदेचं कनिष्ठ सभागृह, भरू लागलं. बाकांची अर्धगोल, पायऱ्यापायऱ्यांची रचना त्या व्याख्यानगृहाची आहे. त्यामुळे ‘मागचा बाक’, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या साध्या सदस्यांची जागा, इथे खरोखरच मागचा आणि उंचावरचा असतो. सज्जा त्याहून वर, मध्ये काच.

लीडर्स क्वेश्चन्सच्या, म्हणजे विरोधी नेत्यांच्या प्रश्नांच्या वेळी सभागृह भरलेलं असतं. तीन मिनिटं प्रश्न, तीन मिनिटं उत्तर, मग एकेक मिनिट. वर्तमानपत्रात छापून येतं ते एवढंच, आणि बहुतेक पाहुणेही ते बघून उठतात. मी थांबले ते टॉपिकल इश्यूसाठी. आपल्याकडच्या लक्षवेधीला जवळचा हा प्रकार. सदस्याने सकाळीच विषय द्यायचा आणि आलेल्यांतून साधारण चार निवडले जातात. प्रत्येकाला बारा मिनिटं मिळतात: सदस्याची चार, मंत्र्याची चार, पुन्हा सदस्याची दोन, मंत्र्याची दोन. 174 सदस्यांच्या सभागृहात गणपूर्तीला 20 जण लागतात, पण कोणी हरकत घेतल्याशिवाय डोकी मोजली जात नाहीत. मी मोजली तेव्हा सात होती.

एक सदस्य आपल्या मतदारसंघातल्या एका रस्त्याबद्दल बोलत होते. उत्तर द्यायला आलेले राज्यमंत्री त्या खात्याचे नव्हतेच. त्यांनी हातातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नंतरच्या दोन मिनिटांत सदस्याने अगदी नेमका उपप्रश्न केला, त्यावर ‘संबंधित मंत्र्यांना कळवतो’ असं सांगून ते बसले. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. चार मिनिटांसाठी कागदपत्रं जमवून आलेल्या माणसाला विषय जाणणारा माणूस समोर मिळायलाच हवा.

मात्र हे भाषण त्या सात जणांसाठी नव्हतं, हे देशाच्या नैऋत्य टोकाच्या केरी काउंटीत गेल्यावर नीट कळलं.

डब्लिनचे उरलेले दोन दिवस पावसात गेले. ह्यूस्टन स्थानकावरून निघाले, मॅलोला गाडी बदलली आणि किलार्नी गाठलं. केरी हा पाच जागांचा मतदारसंघ. 1997 मध्ये जॅकी हीली-रे इथल्या तेव्हाच्या साउथ केरी मतदारसंघातून अपक्ष निवडून आले आणि तेव्हाचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांच्या अल्पमतातल्या सरकारला पाठिंब्याच्या बदल्यात रस्ते मागून घेतले. 2011 मध्ये मुलगा मायकेल, 2016 मध्ये दुसरा मुलगा डॅनी. मायकेल 2025 मध्ये राज्यमंत्री झाले. डॅनी मागच्या बाकावरच आहेत. किलगार्व्हन या त्यांच्या गावात त्यांचा पब आहे.

डॅनी यांची भाषणं हीच माझी प्रवासाची मार्गदर्शिका होती. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचं पान आहे. तिथे तारीख आणि विषय टाकला की तो उभा राहून बोललेलं प्रत्येक वाक्य समोर येतं. अडचणी दोन. गावाचं नाव इंग्रजीत शोधलं आणि नोंद आयरिश रूपात असली तर काहीच सापडत नाही, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा. दुसरी अशी की अधिकृत इतिवृत्त अक्षरशः नसतं, द्विरुक्ती आणि व्याकरण दुरुस्त केलेलं असतं. केरीचा हेल ऐकायचा तर चित्रफीतच लावावी लागते.

किलार्नीहून कॉर्ककडे जाणारा एन-22 हा त्यातला मोठा धडा. बॅलीव्हर्नी आणि मॅक्रूम गावांतून जाणारी वाहतुकीची कोंडी केरीचे सदस्य वर्षानुवर्षं सभागृहात मांडत राहिले. 22 किलोमीटरचा नवा रस्ता 2022च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि 2023 मध्ये पूर्ण झाला. आता मॅक्रूम डावीकडे की उजवीकडे, हेही कळत नाही.

किलगार्व्हनच्या आसपासच्या गल्लीवजा वाटा हा डॅनी यांचा खरा विषय. मधोमध गवताची पट्टी, दोन्ही कडांना झुडपं. यातल्या कित्येक वाटा काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेच्या, ताब्यात नाहीत, म्हणून कौन्सिल त्या दुरुस्त करत नाही. त्यासाठी लोकल इम्प्रूव्हमेंट स्कीम आहे. वाटेवर किमान दोन वेगवेगळ्या मालकांच्या किंवा कसणाऱ्यांच्या जमिनी हव्यात. पाचपर्यंत घरं असतील तर रहिवाशांनी खर्चाचे 10 टक्के भरायचे, सहा किंवा जास्त असतील तर 15 टक्के, आणि एका घरावर 1,200 युरोंपेक्षा जास्त भार पडत नाही. काम झाल्यावर देखभाल पुन्हा रहिवाशांकडेच. इथेच चुकतं. कडेच्या चरी बुजल्या की पाणी डांबराखाली मुरतं, आणि पैसे भरून केलेली वाट पुन्हा उखडते.

‘अमुक वाट कधी करणार?’ असं मंत्र्यांना विचारलं तर ‘हा कौन्सिलचा विषय’ म्हणून प्रश्नच नाकारला जाऊ शकतो. म्हणून मुरलेला सदस्य केरीला या योजनेचा निधी किती मिळणार ते विचारतो आणि वाटेचं नाव उपप्रश्नात घेतो. एकदा नाव घेतलं की ते इतिवृत्तात गेलं, आणि स्थानिक वर्तमानपत्रापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

डॅनी यांचं सगळं मला पटतं असं नाही. 2016 मध्ये हवामानबदलाच्या चर्चेत हवामान देवाच्या हाती आहे असं ते म्हणाले, ते मला सपशेल चूक वाटतं. पहिल्यांदाच पकडलेल्या चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 ते 80 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं तर परवान्यावरच्या दंडगुणांऐवजी तीन महिने परवाना बंद, असा कायदा 2018 मध्ये आला. त्याला ग्रामीण अपक्षांनी इतका वेळ खाऊन विरोध केला की चर्चा आठवडेच्या आठवडे रेंगाळली. शेवटी जुलैमध्ये कायदा झालाच, आणि व्हायलाच हवा होता. तरी रात्री या वाटांवरून चालताना एक मुद्दा उरतोच: बस नाही, टॅक्सी नाही, आणि एकटा म्हातारा माणूस डोंगरात राहतो.

मोतीबिंदूच्या बसबद्दल मात्र माझ्या मनात निखळ आदर आहे. आयर्लंडमधली प्रतीक्षायादी इतकी लांब की लोक आंधळे व्हायच्या बेतात येत. 2017च्या अखेरीला डॅनी हीली-रे आणि शेजारच्या कॉर्क साउथ-वेस्टचे मायकेल कॉलिन्स यांनी युरोपीय संघाच्या सीमापार आरोग्य निर्देशाचा आधार घेत रुग्णांना बसने बेलफास्टला न्यायला सुरुवात केली. देशाच्या नैऋत्य टोकाहून ईशान्येला, जवळजवळ पूर्ण बेट ओलांडून. शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णाने आधी भरायचे, परतावा नंतर. पेन्शनवर जगणाऱ्याकडे ती रक्कम आणायची कुठून, हीच मोठी अडचण. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडसाठी 2021 पासून वेगळी योजना करावी लागली. बसमधले अनुभव सभागृहात आणि सभागृहातला आवाज बसपर्यंत, असं हे चालत राहिलं.

मागच्या बाकावरच्यांना बोलायला वेळ किती, यावरून जानेवारी 2025 मध्ये डॉल अक्षरशः बंद पडलं. सरकारला पाठिंबा देणाऱ्या डॅनींसह काही अपक्षांना विरोधकांच्या वाट्याचा वेळ हवा होता. गोंधळात टीशखची, म्हणजे पंतप्रधानांची, निवड एका दिवसाने लांबली. मार्चमध्ये नियम बदलून त्यांच्यासाठी प्रश्नांची वेगळी वेळ काढली, तेव्हाही सभागृह पेटलं होतं. काही मिनिटांसाठी एवढं कशाला, असं लांबून वाटतं. किलगार्व्हनमध्ये वाटत नाही.

मराठी माणसाला डॉल ठाऊक झालं ते लिओ वराडकर यांच्यामुळे. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. एप्रिल 2024 मध्ये टीशखपद सोडल्यावर डॉल विसर्जित होईपर्यंत तेही मागच्या बाकावरचेच सदस्य होते.

शेवटच्या सकाळी गावाबाहेरच्या एका चढावर गेले. अर्ध्यापर्यंत नवी खडी आणि डांबर, कडेला स्वच्छ उकरलेली चर, तिच्यातून पाणी खळखळत होतं. पुढे फाटकापाशी डांबर संपलं आणि गवताची पट्टी पुन्हा सुरू झाली. वर आणखी दोन घरं दिसत होती.