जुन्या जिप्सीने पुणे–वरंध–वेळास, येताना फेरीबोट आणि ताम्हिणी : निघण्याआधी घरी काय केलं आणि रस्त्यात काय कामाला आलं

जुनी फोर बाय फोर हातात आली की बहुतेक जण आधी तिची उंची वाढवतात आणि टपावर लाइटबार चढवतात. पण पुण्याहून कोकणात उतरायचं तर ब्रेक, रबर आणि रॅडिएटर हेच कामाला येतं, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितोय, कारण वेळासला (रत्नागिरी जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव) गाडी घेऊन जायचं असं बरेच जण ठरवतात आणि गाडीची तयारी म्हणजे सर्व्हिसिंग आणि टायरमध्ये हवा एवढंच धरून चालतात.

गाडी आहे ९८ ची मारुती जिप्सी किंग, १.३ लिटरची कार्बोरेटरवाली. जिप्सी आली १९८५ ला, तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, किंग ९६ पासून, आणि २००० नंतर एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन. २०१९ ला बंद झाली तरी सैन्यात इतकी वर्षं चालल्यामुळे पार्ट मिळतात, नाना पेठेत एक दिवस काढला तर सील, बेअरिंग, क्रॉस (शाफ्टचा सांधा), बुश सगळं मिळून जातं, नटबोल्ट आणि हत्यारं बोहरी आळीत. पार्किंगमध्ये सपाट जागा, चांगला जॅक आणि चार स्टँड एवढं असेल तर बहुतेक कामं घरीच होतात, फक्त नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणीही जाऊ नका, दगड-विटा लावून तर अजिबात नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला पुढच्या नकलवर, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या सांध्यावर. चाकामागचा तो गोल लोखंडी गोळा बघा, त्याच्यावर ग्रीसचा पातळ थर असला तर ठीक, पण ग्रीस पातळ होऊन काळपट ओघळ चाकाच्या आतल्या बाजूला येत असेल तर अ‍ॅक्सलचं आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नकलमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतंय. नुसतं बाहेरून ग्रीस भरून काही होत नाही. आमचं उजवीकडचं उघडलं तर वरचं किंगपिन बेअरिंग (नकल ज्यावर वळते ते) बोटाने फिरवताना एका जागी अडकत होतं, कपावर रोलरच्या रेघांसारखे खळगे पडले होते. साठ-सत्तरच्या स्पीडला स्टीअरिंग थरथरतं ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, लोक बॅलन्सिंग करून करून थकतात. दोन्ही बाजूंची वर-खालची बेअरिंग, आतलं सील, बाहेरचं फेल्ट आणि रबर सगळं एकदम बदला, शिम (फटीत घालायची पातळ पत्र्याची चकती) ज्या जागेवरून निघाली तिथेच परत जाईल अशी खूण करून ठेवा. सगळं बसल्यावर नकल हाताने वळवून बघा, थोडी जड पण सारखी फिरली पाहिजे.

ऑइल बदलताना एक नियम पाळा, आधी भरायचा बोल्ट उघडा आणि मगच खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच उभी. पुढच्या डिफरन्शियलला २ लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याला) ०.८ आणि गिअरबॉक्सला १.३ लिटर लागतं. ट्रान्सफर केस या गाडीत वेगळी लटकलेली असते, तिचे रबर माउंट तुटले की गाडी वेग घेताना धक्का बसतो आणि लोक क्लच बदलत बसतात.

रॅडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांमधून सळी घालून सफाई) करून घेतला, वरचा खालचा होज पाइप आणि कॅप नवीन, आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) परत बसवला. गाडी तापते म्हटलं की गॅरेजमध्ये तो काढून टाकायची पद्धत आहे, त्याने मूळ दुखणं झाकलं जातं आणि इंजिन थंड चालून पेट्रोल जास्त पितं. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात नाहीतर चिरतात आणि टाकीतला गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे घाला, परतीचा पाइप सुद्धा, आणि एक फिल्टर जवळ ठेवा. हे काम स्वस्त आहे आणि आगीशी संबंध आहे म्हणून पुढे ढकलू नका.

आता रस्ता. पहाटे कात्रजवरून निघालो, खेड शिवापूर, कापूरहोळला उजवीकडे भोर. भोरनंतर नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशीवरून रस्ता जातो, वळणं सारखी, घाई करू नका. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात आणि कामासाठी एरवीही बंद असू शकतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी भोर किंवा महाडला कोणाला तरी विचारा, नाहीतर सरळ ताम्हिणी घाटाने जा. वाघजाईच्या देवळाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत तिथे थांबाच, भजी चांगली असतात आणि ब्रेकही गार होतात.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहायचं, ब्रेक दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. खाली सपाटीला लागल्यावर आम्ही थांबून प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघितलं, धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, उजवं पुढचं बघ, हात ठेववत नाहीये." डावं नुसतं कोमट. चाक काढलं तर कॅलिपरची एक पिन सुकून घट्ट झाली होती, त्यामुळे पॅड सुटतच नव्हता. पिन काढून पॉलिश पेपरने घासली, जास्त तापमानाला टिकणारं ग्रीस लावलं आणि परत बसवली, अर्ध्या तासाचं काम. पुढे मंडणगडला परत हात लावून बघितलं, दोन्ही सारखी. ही तपासणी प्रत्येक घाटानंतर करा, फुकट आहे. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, वाकते.

महाडला टाकी भरून घ्या. टाकी ४० लिटरची आणि अ‍ॅव्हरेज दहाच्या आसपास धरायचं, त्यामुळे वेळासपर्यंत आणि परत माणगावपर्यंत काळजी नाही. महाडहून राजेवाडी फाटा, म्हाप्रळ, मंडणगड, बाणकोट असं करत वेळास, पुण्याहून साधारण २०० किलोमीटर. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, आपल्या पुण्याशी नातं असलेलं, त्यामुळे तेवढ्यासाठीही वाट वाकडी करावी. गावात लोकांच्या घरीच राहायची सोय होते, रोख पैसे जवळ ठेवा.

फोर बाय फोर लागली ती नातेवाइकांच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेवर, जांभा दगड आणि वर सुटी तांबडी माती, चढ एकदम उभा. खालीच थांबून फोर बाय फोरच्या लो मध्ये (जास्त ओढ, कमी वेग) टाकलं, टायरमधली हवा २६ वरून १८ पीएसआयवर आणली आणि पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न वाढवता गाडी वर गेली, चाक एकदाही जागच्या जागी घसरत फिरलं नाही. हाच लिव्हर डांबरावर मात्र टूमध्येच (फक्त मागची चाकं ओढतात) पाहिजे. या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर फोरमध्ये वळवली की शाफ्ट पिळले जातात आणि मग लिव्हर निघत नाही. निघत नसेल तर ओढाताण न करता थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

आणि समुद्रावर गाडी नेऊ नका. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर येतात, लोक ती बघायला लांबून येतात. चाकाने वाळू दाबली जाते, खोल चाकोऱ्या पडल्या की पिल्लं त्यात अडकतात. गाडी जाते म्हणून न्यायची हे मला अजिबात पटत नाही, गाडी गावात लावून चालत जा.

येताना वेसवी–बागमांडला फेरीबोट घेतली, गाडीसकट खाडीच्या पलीकडे, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, मुळशी, पौड. बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावा. शेवटची फेरी किती वाजता ते जाताना विचारून ठेवा, चुकली तर मोठा वळसा आहे.

सोबत फॅन बेल्ट, क्लच केबल, होज पाइप, क्लॅम्प, फ्यूज, पेट्रोल फिल्टर, पुढच्या हबच्या मोठ्या नटाचा सॉकेट आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर होता. वाढीव कामांपैकी पैसे वसूल झाले ते हेडलाइटच्या रिलेचे (बॅटरीतून थेट करंट देणाऱ्या स्विचचे), ६०/५५ वॉटचेच बल्ब आहेत पण वायरिंगमध्ये करंट मरत नाही म्हणून ताम्हिणीत अंधारात फरक कळला. टायर २०५/७० च्या जागी २१५/७५ आर १५ एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) आहेत, उंची वाढवावी लागली नाही, पण स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा स्पीड ६३ असतो हे लक्षात ठेवा, आणि स्टेपनी त्याच मापाची घ्या. पुढे लोखंडी बुलबार लावायचा विचार असेल तर सोडा, त्यावर २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, आणि एवढ्या जुन्या गाड्यांना दर ५ वर्षांनी पासिंगला उभं राहायचंय.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा, चेसिसच्या भोकांमधून आत पाणी जाऊ द्या, बोटीवरचं आणि किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ तिथेच बसतं. वाळली की पाट्यांचे शॅकल आणि क्रॉस यांच्या निपलमधून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, पाटे नवीन असतील तर यू-बोल्टचे नट परत आवळा, आणि डिफरन्शियलचा वरचा बोल्ट उघडून बोट बुडवून बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला आणि ब्रीदरचा (डिफरन्शियलची हवा बाहेर सोडणारा) पाइप लांब करून वर इंजिनच्या खोलीत बांधा.