काकांनी पत्ता नीट वाचला होता

वागळे इस्टेट शाखेतून दुपारी फोन आला. एक निवृत्त खातेदार केवायसीचा मेल घेऊन आलेत आणि मेल आपल्याच बँकेच्या पत्त्यावरून आलाय. अशा तक्रारींत बहुतेक वेळा पत्त्यातलं एखादं अक्षर बदललेलं असतं. इथे तसं नव्हतं. लिंकवर डेबिट कार्डाचा पिन मागितला म्हणून काका थांबले आणि थेट शाखेत आले. "ॲटनंतरचं नाव तपासा, असं तुमच्याच बोर्डावर लिहिलंय. मी तपासलं की," असं ते मॅनेजर मॅडमना म्हणाले.

महापेच्या ऑफिसातून मी मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची मेलसोबतची नोंद, मागवला. मेल साधा फॉरवर्ड केला तर हेडर हाती लागत नाही. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’मधून तो उतरवून घ्यावा लागतो. पाठवणारा खरा आहे का, हे बघणाऱ्या तीन तपासण्यांचा निकाल त्यात होता: एसपीएफ (डोमेनच्या, म्हणजे ॲटनंतरच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी) पास, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) नाही, डीमार्क फेल, पॉलिसी नन. एसपीएफ पास झाला, कारण तो रिटर्न-पाथमधलं, म्हणजे न पोचलेला मेल जिथे परत येतो त्या पत्त्यातलं, डोमेन तपासतो आणि ते भामट्याचं स्वतःचं होतं. खातेदाराला दिसतो तो फ्रॉममधला पत्ता. या दोघांचा मेळ बसतो का, हे डीमार्क बघतं. मेळ बसला नव्हता, पण ‘नन’चा अर्थ एवढाच की रिपोर्ट पाठवा, मेल अडवू नका.

डोमेन होतं आमचं जुनं. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली तेव्हा डॉट बँक डॉट इन या बँकांसाठीच्या डोमेनवर जायची धावपळ झाली. नव्या डोमेनला डीमार्कची रिजेक्ट पॉलिसी (मेळ बसला नाही तर मेल नाकारा) लावली आणि जुन्याला फक्त वेबसाइटचं रीडायरेक्ट. पासबुकावर, चेकबुकावर, खातेदारांच्या डोक्यात मात्र तेच जुनं नाव.

‘आजच रिजेक्ट करा,’ असं वरून सांगण्यात आलं. मी आधी डीमार्कचे रिपोर्ट उघडले. ते रोज येत होते, कोणी बघत नव्हतं. जुन्या नावाने आपलेच दोन मेल चालू निघाले: महिन्याचं स्टेटमेंट पाठवणारा व्हेंडर आणि एका शाखेतलं स्कॅन करून मेल टाकणारं झेरॉक्स मशीन. त्या दिवशी रिजेक्ट केलं असतं तर खरी स्टेटमेंटं अडली असती.

मशीनला डीकिमची सही करता येत नाही, म्हणून ते आपल्या मेल सर्व्हरमधून वळवलं. व्हेंडरला नव्या डोमेनवर आणताना मात्र घाम निघाला. त्यांच्या सर्व्हरची यादी (इन्क्लूड) नव्या डोमेनच्या एसपीएफमध्ये जोडली असती तर डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी, शोधायच्या फेऱ्या १० या मर्यादेच्या वर जाऊन एसपीएफच बाद (पर्मएरर) झाला असता. म्हणून त्यांच्या बाउन्ससाठी, म्हणजे रिटर्न-पाथसाठी, वेगळं सबडोमेन दिलं. डीमार्कच्या रिलॅक्स्ड अलाइनमेंटमध्ये मुख्य डोमेन एक असलं की मेळ धरतात, त्यामुळे ते चालतं. मग डीकिम फेल. दोन दिवस व्हेंडरचं एकच, "आमच्याकडून सगळं बरोबर आहे." खरंच होतं. डीकिमची सही तपासायची २०४८ बिटची की (किल्ली) डीएनएसमधल्या टीएक्सटी रेकॉर्डच्या, म्हणजे मजकुराच्या नोंदीच्या, एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही, कारण स्ट्रिंगची मर्यादा २५५ अक्षरांची. आमच्या डीएनएस पॅनेलने उरलेली की गुपचूप कापली होती. आरएसए की साधारणपणे आय-डी-ए-क्यू-ए-बी या अक्षरांवर संपते. आमची मध्येच तुटलेली. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकली आणि सही जुळली. पॅनेलने एक ओळ एरर दाखवली असती तर दोन दिवस वाचले असते.

स्टेटमेंटची एक पूर्ण फेरी नव्या नावाने गेली. मग जुन्या डोमेनच्या एसपीएफमध्ये फक्त ‘वजा ऑल’ (या नावाने कोणालाच मेल पाठवायची परवानगी नाही) ठेवलं, डीमार्क रिजेक्ट केलं, सबडोमेनसकट.

परवा अकाउंट्समधून विचारणा आली: वापरात नसलेल्या डोमेनचं नूतनीकरण कशाला? ते सुटलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं, तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही त्याचे पास होतील आणि काका पुन्हा पत्ता नीट वाचतील. हे फाइलवर लिहून दिलंय. शाखेतल्या बोर्डावर त्या ओळीऐवजी काय लिहावं, ते अजून मॅडमना सांगितलेलं नाही.