गल्लीच्या तोंडाशी

"काका, पंजाबी दाखवू का इंदौरी?"

नाना पेठेतल्या त्या दुकानात छताला सायलेन्सर टांगले होते, वखारीत केळ्यांचे घड टांगतात तसे. इंदौरी म्हटलं की मला पोह्यांवरची शेव आठवते आणि पंजाबी म्हटलं की ड्रेस. म्हणून मी गप्प राहिलो. पोराला वाटलं, काकांना ऐकूनच घ्यायचंय. त्यानं दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवले. मला फरक कळला नाही, पण शेजारच्या गाळ्यातून कुणीतरी ओरडलं, "इंदौरी जरा जाड काढ की!" त्यानं परत काढला. जाड.

माझी गाडी साडेतीनशे सीसीची, नवी, गुणी, सकाळी एका बटणावर सुरू होणारी. पण तिचा आवाज बँकेतल्या कारकुनासारखा. काम चोख, आणि बाहेर पडल्यावर चेहरा आठवत नाही. मला थोडा मोठा हवा होता. "थोडा म्हणजे किती?" पोरगं विचारत होतं आणि मी हवेत हात हलवत होतो. मीठ किती घालू म्हटल्यावर आई "घाल अंदाजानं" म्हणायची, तसा.

खरं तर माप माझ्या डोक्यात पक्कं होतं, पण ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्यापासून दारात लागेपर्यंत टीव्ही बंद करून, त्याच्या पेटीचं शटर ओढून, भूगोलाचं पुस्तक उघडता आलं पाहिजे. एवढा आवाज.

वडील साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होते. त्यांची बुलेट जुनी, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या अंगाला. वरच्या रस्त्यावरून मारुतीच्या देवळापाशी वळलं की गल्ली सरळ उतरत आमच्या दारात येते. देवळापाशी बुलेट वळली की आई तवा ठेवायची आणि आम्ही दोघे भाऊ टीव्हीकडे झेपावायचो. पुढचे वीस-पंचवीस सेकंद आमचे.

त्या गाडीचे ठोके मोजता यायचे, हे मी उगाच म्हणत नाही. एकच सिलिंडर, ३४६ सीसीचा, त्यात नव्वद मिलिमीटर खालीवर होणारा पिस्टन, आणि सगळ्याला धरून ठेवणारं जडच्या जड फ्लायव्हील. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. गाडी उभी असताना मिनिटाला आठशे फेरे धरले, तर ठोके चारशे. म्हणजे सेकंदाला सहा-सात. त्याहून खाली आणली, आणि जुने मिस्त्री हौसेनं आणायचे, की दोन ठोक्यांच्या मधली जागाही ऐकू येते. आवाज मोठा असण्यापेक्षा ती जागा असणं, यातच बुलेटची सगळी मिजास होती. आमचा मिस्त्री पेचकसाची मूठ कानाला लावून टोक इंजिनावर टेकवायचा आणि डोळे मिटून "टॅपेट बोलतंय" म्हणायचा. सायलेन्सरकडे त्यानं कधी ढुंकून पाहिल्याचं मला आठवत नाही.

आजीनं 'मोटारसायकल' हा शब्द आयुष्यात उच्चारला नाही. फटफटीच. मराठीनं या वाहनाचं बारसं आवाज ऐकूनच केलंय. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी वळणाच्या गाड्या आल्या आणि चुलत्यानं हौसेनं एक दारात आणून लावली. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही कुठली फटफटी, हे शिवणयंत्र हाय."

असो. दुकानात परत येऊ, कारण पोरगं अजून उभं होतं.

सायलेन्सरच्या पोटात दोन प्रकारची कामं चालतात, हे मला तिथं एक कापलेला नमुना बघून कळलं. कंपनीच्या नळकांड्यात पडदे आणि कप्पे असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, भिंतींवर आपटतो आणि परतणाऱ्या लाटांशी भांडून दमतो, सरकारी कचेरीतल्या अर्जासारखा. बाजारातल्या बऱ्याच नळकांड्यांत मात्र भोकाभोकांची एक सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर, बस. आवाज आरपार जातो, जाता जाता लोकरीत थोडा मुरतो. लोकर जळत गेली की तेवढाही मुरत नाही. म्हणून असला सायलेन्सर वर्षभरानं आणखी 'मोकळा' होतो आणि मालकाला वाटतं, गाडी सुटली.

एका डब्यावर लिहिलं होतं, फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी. पुण्यातले रस्ते पाहता ही अट आपण सगळेच रोज पाळतो. पण कायद्याला हा विनोद चालत नाही. पावणेदोनशे सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचे नियम मोडले तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने बाद. आणि डेसिबल म्हणजे दुकानातला तराजू नव्हे. दहा वाढले की ऊर्जा दसपट होते, कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ऐंशीचे नव्वद म्हणजे 'थोडा' नव्हेच. शेवटी मी एक आखूड, मेगाफोनच्या घाटाचा उचलला. त्याच्या तोंडात एका बोल्टनं बसवलेली पुंगळी असते. दुकानदार तिला डीबी किलर म्हणतात. ती घातली की आवाज बराच आवरतो. कागदोपत्री गाडी तरीही बदललेलीच ठरते, हे मला ठाऊक होतं. माणूस स्वतःला जेवढी सूट देतो तेवढी मीही दिली.

पहिल्या रविवारी पुंगळी काढून साताऱ्याला गेलो. खरं सांगतो, जाताना निराशाच झाली. ऐंशीच्या वेगाला हेल्मेटमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. सायलेन्सरचं तोंड मागे, गाडी पुढे. पैसे मी मोजले होते आणि मैफल मागच्यांना फुकट. मग पोरं सिग्नलला का गुरगुरतात ते कळलं. तिथेच काय तो स्वतःचा आवाज स्वतःला ऐकायला मिळतो.

येताना मात्र खंबाटकीचा बोगदा लागला. आत शिरलो आणि मागे टाकलेला सगळा आवाज भिंतींनी गोळा करून माझ्या पाठीत घातला. मी गियर एक उतरवला. उतरवायची काही गरज नव्हती. अंगावर काटा आला, हेल्मेटमध्ये एकटाच हसलो, आणि पंचावन्नाव्या वर्षी आपण हे काय करतोय हा प्रश्न बोगदा संपेपर्यंत मनात आला नाही. संपताना समोर एक स्कूटर होती. मागे बसलेल्या बाईंनी दचकून कुशीतलं लेकरू घट्ट धरलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा डिकीतून पाना काढला आणि पुंगळी परत बसवली.

अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनं १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगायला अर्ज केला होता. सहा वर्षं भांडून २००० साली तो मागे घेतला. आमच्या गल्लीत असला अर्ज कुणी केला नाही, पण वडिलांच्या बुलेटचा आवाज वडिलांच्याच नावावर होता. तो दोन घरांपलीकडे कुणाच्या झोपेत गेल्याचंही कधी कानावर आलं नाही. देवळापाशी ते थ्रॉटल सोडायचे, एवढंच.

आमचं बिंग कसं फुटलं ते राहिलंच. वडील घरात येऊन काही न बोलता टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. जुना संच तासभर चालला की पाठ तव्यासारखी तापायची. आम्ही मग ओल्या फडक्यानं ती पुसायला लागलो. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा त्यांच्या खात्याला शोभणारा होता. पाणी उतारानं आपोआप जातं, तशी गाडीही जाते. एके दिवशी देवळापाशी त्यांनी इंजिन बंद केलं, न्यूट्रल टाकला आणि बुलेट नुसत्या उतारावर सोडली. दारात आले तेव्हा शटर सताड उघडं होतं आणि आम्ही दोघे पडद्यापासून हातभर अंतरावर.

परवा एका लग्नाहून यायला रात्रीचे साडेअकरा झाले. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे. फाटकापासून पार्किंगपर्यंत उतार. कधी ठरवलं कोण जाणे, पण फाटकाशीच मी किल्ली फिरवली आणि साडेपाच हजारांचा सायलेन्सर घेऊन गुपचूप घरंगळत आत आलो. टायरखाली वाळू चुरचुरली तेवढीच.

लॅचनं दार उघडलं. बारावीतली लेक टेबलाशी पुस्तकात डोकं घालून बसलेली. "बाबा? गाडीचा आवाजच आला नाही!"

मोबाइल तिच्या वहीवर पालथा पडला होता. मी सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला.